नागपुरात समुद्र नाही, हे मला माहीत आहे

"काकाजी, हा माशाचा पर होय का?"

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या कूलरवाल्याने हे विचारलं तेव्हा मी खरंच हबकलो. तोवर ज्याने ज्याने माझ्या हातातली ती वस्तू पाहिली होती, त्याने काहीतरी भलतंच ओळखलं होतं. बायकोला ती उलथन्याचं पातं वाटली, शेजारच्या देशमुखांच्या सुनेला देवघराची कमान. एका गृहस्थाने तर गणपतीच्या मखराची तयारी एवढ्या लवकर कशी काय, असंही विचारून घेतलं. फक्त या कूलरवाल्याने बरोब्बर ओळखलं. परच होता तो. माशाचा नव्हे, फळीचा.

तर मंडळी, गेल्या उन्हाळ्यात मी लाकडाचे तीन फिन केले. एक मोठा, नऊ इंच उंचीचा, आणि दोन लहान, साधारण चार-चार इंचांचे. सर्फबोर्ड नावाची जी लांबोडकी फळी असते, जिच्यावर उभं राहून पोरं लाटेवरून घसरत येतात, तिच्या शेपटाला खालून हे बसवतात. फळी माझ्या भाच्याने केली. तो विशाखापट्टणमला नोकरीला आहे. समता एक्स्प्रेसने इथून थेट जाता येतं, त्यामुळे आमच्या घराण्यात "समुद्र" म्हटलं की मुंबईआधी विझागच आठवतो. आता नागपूर आणि समुद्र हे दोन शब्द एका वाक्यात आले की लोक हसतात. हसू द्या. नागपुरात समुद्र नाही, हे मला माहीत आहे. फुटाळ्यावर लाटा येत नाहीत हेही माहीत आहे. पण "मग नागपुरात बसून हे कशाला करून राह्यले?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून टाकावं म्हटलं. शिवाय ताई हे वाचेल. तिच्याशी झालेलं भांडण फोनवर काही नीट मिटलेलं नाही, ते इथे मिटतं का बघू.

आधी फिन म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. मी समजत होतो की तो होडीच्या सुकाणूसारखा असतो, म्हणजे फळी वळवण्यासाठी. तसं नाही. तो हलतच नाही, पक्का बसवलेला असतो. त्याचं काम फळीला आडवं घसरू न देणं. बाणाच्या मागे पिसं असतात ना, तसं. किंवा आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर, खाचेत बसलेली करवत जशी पुढेमागे चालते पण डावीउजवीकडे हलत नाही, तसं. फिन पाण्यात आपली खाच धरतो, आणि मग वरचा माणूस शरीराचा तोल टाकून फळी वळवू शकतो. नसेल तर शेपूट भसकन बाजूला जातं आणि माणूस पाण्यात.

गंमत म्हणजे हवाई बेटांवरचे लोक शेकडो वर्षं फिनाशिवायच लाटांवर चढत होते. अखंड लाकडाच्या जड फळ्या, आणि वळायचं असेल तर एक पाय पाण्यात घालून ओढायचा. १९३५ साली टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसाने वाइकिकीच्या किनाऱ्यावर एका मोडक्या स्पीडबोटीचा खालचा कणा काढला आणि आपल्या फळीला लावून पाहिला. सुमारे फूटभर लांब आणि चार इंच खोल. इतकीच त्या शोधाची गोष्ट. भंगारातला तुकडा! मला हे वाचून फार बरं वाटलं. कारण आपल्याकडे शोध म्हटलं की पांढरा कोट आणि प्रयोगशाळा डोळ्यापुढे येते, आणि इथे एक माणूस भंगार लावून समुद्रात उतरतो. पुढे लाकडाचे फिन आले, मग फायबरचे. साठच्या दशकात जॉर्ज ग्रीनो नावाच्या कॅलिफोर्नियातल्या अवलियाने ट्यूना माशाच्या शेपटीवरून लवचिक फिन केला. १९८१ साली सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन खेळाडूने तीन सारख्या फिनांची फळी घेऊन मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि तेव्हापासून तीन फिनांची चाल पडली. आमच्या भाच्याची फळी जुन्या वळणाची, लांब. म्हणून एक मोठा आणि बाजूला दोन पिल्लं.

बाजारात हे सगळं तयार मिळतं. प्लास्टिकचे साच्यातले फिन घरपोच येतात. भाच्याला मी तेच म्हटलं होतं. तर तो म्हणाला, "मामा, आजोबांची पेटी आहे ना तुमच्याकडे?"

इथे खरी गोष्ट सुरू होते.

माझे वडील मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये सुतार होते. अडीच फुटी रुळांवरच्या त्या छोट्या गाडीच्या डब्यांची दारं, खिडक्यांच्या चौकटी, बाकं, हे त्यांचं काम. आम्ही जातीनेही सुतारच. आमच्याकडे वाढई म्हणतात. हे मी इतक्या सरळपणे कधी लिहिलं नव्हतं. आमच्या नात्यातले काही जण हे वाचून जरा कसनुसे होतील, पण आता वयाच्या एकसष्टीला लपवून काय करायचं? बँकेत मी पस्तीस वर्षं काढली. तिथे कुणी "वडील काय करायचे?" विचारलं की मी "रेल्वेत होते" एवढंच सांगायचो. खोटं नव्हतं ते. पण पूर्णही नव्हतं.

बाबा २००४ साली गेले. त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. घराचं रंगकाम निघालं तेव्हा मी ती भंगारवाल्याला द्यायला काढली होती, हे आज कबूल करतो. भंगारवाल्याने लोखंडाचा भाव सांगितला, लाकडाचा काहीच नाही, म्हणून राग येऊन परत वर टाकली. म्हणजे प्रेमापोटी नव्हे हो, भाव पटला नाही म्हणून ती पेटी वाचली!

पेटीत काय होतं? दोन रंधे, एक मोठा एक छोटा. पटाशा पाच. वाकस. गुण्या. गिरमिट. दोन करवती, त्यातली एक अगदी बारीक दातांची. कानशी. शिकंजे चार. मोठ्या रंध्याची मूठ बाबांच्या तळव्याने इतकी गुळगुळीत झालेली, की तिच्यावर कुठे अंगठा ठेवायचा ते हाताला आपोआप कळतं. माझ्या हाताला मात्र ते त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. कारण बाबांनी मला त्या रंध्याला कधी हात लावू दिला नव्हता.

मी दहा वर्षांचा असेन. शाळेतून येऊन मी तो रंधा घेतला आणि एका फळकुटावर चालवून पाहत होतो. बाबा आले, पाहिलं, आणि एक सणसणीत ठेवून दिली. आयुष्यात त्यांनी मला मारलेली ती एकच थप्पड. मी रडत विचारलं की मी काय मोडलं? ते म्हणाले, "काही नाही मोडलं. पण हे शिकलास तर हेच करशील."

आज भाच्यासारखी शिकलेली, चांगल्या पगाराची पोरं हातात पटाशी घेतात, तेव्हा सगळे "वा, किती छान!" म्हणतात. हाताने काहीतरी करण्यात किती समाधान आहे, मन कसं शांत होतं, वगैरे. मला हे ऐकून आतून थोडा राग येतो, खोटं कशाला बोलू. बाबांचं मन काही शांत वगैरे होत नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या हाताचे घट्टे आई गरम तेलाने चोळायची. घरी आल्यावर रात्री ते पाट, पोळपाट, देव्हारे करून द्यायचे, दोन पैसे जास्तीचे मिळावेत म्हणून. लोक घासाघीस करायचे आणि वरून "वाढई लोक वेळेवर काम देतच नाही" असं आमच्या दारात उभं राहून म्हणायचे. ज्याला हे काम सोडायची मुभा आहे त्याच्यासाठी ते छंद असतं. ज्याला नाही त्याच्यासाठी ते काम असतं, आणि दोघांनी एकच रंधा धरला म्हणून ते एक होत नाहीत. म्हणून मी बाबांची थप्पड चूक मानत नाही. त्या थपडेमुळे मी बँकेत गेलो, ताई मास्तरीण झाली, आणि ताईचा पोरगा इंजिनिअर.

पण तरी...

पण तरी मला वाटतं की आम्ही, म्हणजे सुटलेल्या पहिल्या पिढीने, एक चूक केली. बाबांना भीती होती की शिकला तर हेच करावं लागेल. ती भीती त्यांच्या काळात खरी होती. माझ्या काळात ती उरली नव्हती. मी बँकेत लागल्यावर, पंचविशीत, बाबांच्या शेजारी बसून ते काम सहज शिकू शकलो असतो. मला कोण वाढई बनवणार होतं? पण मी शिकलो नाही, कारण तोवर भीतीची जागा लाजेने घेतली होती. बाबा निवृत्त होऊन वीसेक वर्षं अंगणात बसून होते, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही की हा रंधा कसा लावतात. भीती बाबांची होती, ती मला समजते. लाज माझी होती, तिचं समर्थन मला करता येत नाही.

या गोष्टीची सार्वजनिक बाजूही आहे आणि तीही आपल्या नागपूरजवळचीच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी तिथे नई तालीमची कल्पना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला आणि सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती शाळा चालवली. कल्पना अशी की हस्तोद्योग हा शाळेतला एक जादा तास नव्हे, तर त्याच्यातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकायची. टकळी फिरवताना हिशेब, कापसावरून भूगोल. आमच्या शाळेत तिचं जे काय उरलं होतं त्याचं नाव कार्यानुभव. त्या तासाला आम्ही शेजारच्या वर्गाचा उरलेला भूगोल पुरा करायचो, आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येक जण विकतचा हातरुमाल घरी भरल्याचं सांगून दाखवायचा.

नई तालीम का टिकली नाही, याबद्दल माझं साधं मत आहे. ती ज्यांना द्यायची होती त्यांनाच ती नको होती. वाढयाच्या, कुंभाराच्या, विणकराच्या बापाला आपल्या पोराने शाळेत जाऊन पुन्हा तेच करावं असं का वाटेल? त्याला पोराच्या हातात पेन हवं होतं. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पेन होतं, ज्यांना पटाशीची खरी गरज होती, त्यांनी आपली मुलं तिकडे पाठवलीच नाहीत. खेड्यातल्या पोराने सूत काढायचं आणि शहरातल्या पोराने इंग्रजी शिकायचं, अशी वाटणी होत असेल तर गरीब बाप शहाणा असतो, तो फसत नाही. माझे बाबा फसले नाहीत. पण कल्पना खोटी होती असं मात्र मला आता म्हणवत नाही, आणि हे मला तीन फिनांनी शिकवलं. कसं ते सांगतो, थोडं तपशिलात. कंटाळा आला तर पुढचे चार-पाच परिच्छेद सोडा.

पहिला फिन मी अखंड सागवानाचा केला. का, तर अभिमान! चंद्रपूर-बल्लारशाचं सागवान म्हणजे काय साधी गोष्ट आहे? २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी तिथलंच लाकूड गेलं, दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं. मग विझागच्या फळीला दुसरं काय लावायचं? बाबांच्या पेटीशेजारी एक जुनी फळी होती. त्यावर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून पेन्सिलीने आखलं, बारीक करवतीने कापलं, चार दिवस कानशीने घासलं. सुंदर दिसत होता. मग हातातून गच्चीच्या फरशीवर पडला आणि टोकाकडचा दोन इंचांचा तुकडा टचकन वेगळा झाला. अगदी सरळ रेषेत, सुरीने कापल्यासारखा.

चूक अशी की लाकडाची नस आडवी होती. फिनावर जोर बाजूने येतो, तो बुंध्याशी मोडायला बघतो. म्हणून नस बुंध्याकडून टोकाकडे उभी जायला हवी. मी फळी वाचवायला आकार आडवा बसवला. बाबांनी हे एका नजरेत सांगितलं असतं. खुर्चीचा पाय कुणी आडव्या नसेचा करतं का? मी आयुष्यभर खुर्चीवर बसलो, पायाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्यांदा लकडगंजला गेलो. आरामशीनवाल्याला पातळ पट्ट्या काढून मागितल्या, अडीच-तीन मिलिमीटरच्या, सागवान आणि शिवण अशा दोन लाकडांच्या. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "भैया, इतने में तो प्लाय आ जाएगा" असं सांगितलं. त्याचं खरं होतं. पण भाच्याने एक युक्ती सांगितली होती ती मला करून बघायची होती. सागवान, शिवण, सागवान, शिवण, सागवान असे पाच थर चिकटवायचे, नसा उभ्या ठेवून, एकमेकींशी जराशा तिरप्या. मग घासायला लागलं की थर उघडे पडतात, तपकिरी आणि फिकट, आणि फिनाच्या अंगावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या रेषा उमटतात. दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या आल्या तर आकार बरोबर. एकीकडे रेषा फुगली तर तिथे उंचवटा राहिला. मोजपट्टी नको, डोळे पुरे.

ही युक्ती चालण्यासाठी मात्र थर चिकटले पाहिजेत! माझे निघाले. शिकंजे सोडल्यावर तिसऱ्या दिवशी एक कोपरा पापडासारखा उचलला गेला. तेव्हा कळलं की सागवानात तेल असतं. ज्या तेलामुळे त्याला वाळवी लागत नाही, पाणी बाधत नाही, त्याच तेलामुळे डिंक धरत नाही. चिकटवायच्या आधी ताजं घासायचं, अॅसिटोनने पुसायचं, आणि लगेच, तेल पुन्हा वर यायच्या आत चिकटवायचं. गुण आणि दोष एकच, हे लाकूड मला एकसष्टाव्या वर्षी सांगत होतं.

तिसरी फजिती रेझिनची. फिनावर फायबरचं कापड आणि इपॉक्सी चढवायचं असतं. नागपूरचा मे. पारा चव्वेचाळीसवर. मी शहाणपणाने प्लास्टिकच्या डब्यात एकदम भरपूर मिश्रण कालवलं. दहा मिनिटांत डबा तापला, धूर निघाला आणि डब्याचं बूड वाकडं झालं. घट्ट होताना ते स्वतः उष्णता सोडतं, एका ठिकाणी साठलं की स्वतःलाच भाजतं, वर नागपूरचं ऊन. धूर बघून तो कूलरवाला वर आला, आणि मग त्याचा तो पराचा प्रश्न.

हा माणूस फायबरच्या कूलरच्या बॉड्या करतो. रेझिन म्हणजे त्याचा रोजचा चहा. त्याने मला शिकवलं की पहाटे पाचला काम करायचं, थोडं थोडं कालवायचं, आणि ते उथळ पसरट भांड्यात ठेवायचं. त्याचं स्वतःचं रेझिन स्वस्तातलं, वेगळं. ते मी फुकट वापरायला मागितलं तर म्हणाला, "लाकडावर लावा काकाजी, पण पोराची फळी थर्माकोलची आहे ना? तिच्यावर टाकसान त खाऊन टाकते ते थर्माकोल." खरंच आहे. पॉलिस्टरच्या रेझिनमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं, म्हणून तिथे इपॉक्सीच लागतं. कुठल्याही पुस्तकाशिवाय हे त्याला माहीत. आणि हा माणूस भर हंगामात, दारात गिऱ्हाईक उभं असताना, माझ्या हौसेपायी पाच दिवस पहाटे गच्चीवर येत होता. पैसे घेतले नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाला की कूलर सोडून दुसरं काहीतरी करायला मिळालं, वर्षभर तेच तेच चौकोनी डबे.

या माणसाचं वाक्य मी विसरू शकत नाही. वर मी लिहिलं की ज्याचं पोट त्यावर आहे त्याला त्यात आनंद वगैरे नसतो. ते तितकंसं खरं नाही म्हणायचं. आनंद असतो, चौकोनी डबे करायची सक्ती तो दाबून टाकते. बाबा रात्री पाट करायचे, पण कधीतरी माझ्या धाकट्या बहिणीसाठी त्यांनी लाकडाची एक बैलजोडी केली होती तान्ह्या पोळ्याला. तेव्हा त्यांना कुणी घाई केली नव्हती आणि ते गुणगुणत होते. हे मला त्या गच्चीवर आठवलं. पन्नास वर्षांनी.

भाच्याचं एक मत मात्र मला मान्य नाही. त्याच्या मित्रांचं म्हणणं, लाकडी फिन पर्यावरणाला चांगला. अरे बाबा, वरून इपॉक्सी आणि काचेचं कापड थापलंय, खाली थर्माकोलची फळी. त्यात कसलं पर्यावरण? लाकडाचा करायचा तर लाकूड कळावं म्हणून करा, दुरुस्त करता येतो म्हणून करा. पुण्य कमावल्याचा आव नको.

आता ताईचं. ताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं दोन वाक्यांत. "एक तर तो समुद्रात जाऊन राह्यला, आणि तू त्याला वर हत्यारं करून देऊन राह्यला. बाबांनी कशासाठी एवढं केलं?" पहिल्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही तळ्याकाठची माणसं. दर उन्हाळ्यात, दर विसर्जनाला, पोरं बुडाल्याच्या बातम्या वाचत मोठी झालेली. पाणी म्हणजे अंबाझरीच्या काठावरून बघायची गोष्ट. तिला भीती वाटणारच, आणि मलाही वाटते. फळी पायाला दोरीने बांधलेली असते, तो पोहायला नीट शिकला आहे, एकटा जात नाही, हे सगळं मी तिला सांगितलं. आईला ते पुरत नाही आणि पुरू नये.

पण दुसऱ्या वाक्यावर मला बोलायचं आहे, ताई. बाबांनी एवढं केलं ते आपल्याला निवडता यावं म्हणून. मग पोराने निवडलं तर त्यात बाबांचं काय बुडालं? तो वाढई झाला नाही, होणारही नाही. तो सोमवारी ऑफिसात जातोच आहे. उलट मला वाटतं, बाबांचं हे काम आपल्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी न घाबरता आणि न लाजता हातात घेतलं. तू आणि मी ते करू शकलो नाही. मोतीबागला कडबी चौकाजवळ २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २०१५ मध्ये छिंदवाड्याची छोटी लाइनही बंद झाली, आता ती गाडी बघायला तिकीट काढून जावं लागतं. आपण दोघं एकदाही गेलो नाही. मी परवा जाऊन आलो. डब्याच्या लाकडी चौकटीवर हात फिरवला. कुणाच्या हातची ते कसं कळणार, पण नस उभी होती, एवढं मला आता बघता येतं.

ते असो. फिन जूनमध्ये तयार झाले. मोठ्याची पुढची कड गोलसर, सगळ्यात जाड भाग पुढून तिसऱ्या हिश्श्यावर, तिथून मागे निमुळता होत कड दीड मिलिमीटरची. लहान दोघांची आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. रेषा दोन्हीकडे सारख्या आल्यात, म्हणजे जवळजवळ. उजवीकडे बुंध्याशी एक रेषा किंचित फुगली आहे, ती मी मुद्दाम ठेवली असं सगळ्यांना सांगतो. नागपुरातली समुद्रचाचणी कूलरवाल्याच्या मोठ्या हौदात झाली. मोठा फिन पाण्यात उभा धरून सरळ ओढला तर लोण्यातून सुरी जावी तसा. जरासा तिरका केला की हात बाजूला ओढला जातो, चांगला जोराने. तिथे हौदाशी मी, तो आणि त्याचा कामावरचा पोट्टा, तिघे आळीपाळीने अर्धा तास तेच करत होतो. गिऱ्हाईक ओरडून गेलं.

भाचा पावसाळ्यात येऊन घेऊन गेला, सोबत छोटा रंधा आणि दोन कानशीही. पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी फोन. आधी वाऱ्याचाच आवाज, मग हा ओरडत, "मामा, फिन गातोय!" मला वाटलं काव्य करतोय. तसं नव्हतं. वेग आला की मोठा फिन गुणगुणल्यासारखा खरोखर आवाज करतो. मागची कड कुठेतरी जाड राहिली की पाणी तिथून सुटताना फिन थरथरतो आणि आवाज होतो. म्हणजे माझी दीड मिलिमीटरची कड सगळीकडे दीड नव्हती. मी त्याला म्हटलं की कानशीने मागून हलक्या हाताने घे, आणि इपॉक्सी उघडं पडेल तिथे पुन्हा लाव. तो म्हणाला, आठवडाभर राहू द्या, आवाज चांगला वाटतो.

ताई, तू दिवाळीआधी त्याच्याकडे जाणार आहेस म्हणे. जा. किनाऱ्यावर बस, पाहायचं नसेल तर पाठ करून बस, पण कान तिकडे ठेव. आणि येताना बाबांचा छोटा रंधा तेवढा परत आण, पोट्टा फोनवर नुसतं हो हो करतो आणि पाठवत नाही. कूलरवाल्याच्या पोरीसाठी पोळ्याची बैलजोडी करायला घेतली आहे, शिंगं मोठ्या रंध्याने जमत नाहीत.